पुसलेली खूण

रविवार, ३ मार्च

हरले. हरले कसली — हरवलं मला! तिसरा सेट, ५-६, मॅच पॉइंट खारूताईचा. फायनलआधी आम्हाला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. माझा फोरहँड तिच्या कोपऱ्यात, लाइनवर पडला. तिने बोट वर केलं. आऊट.

मातीच्या कोर्टावर बॉलची खूण उमटते. ती बघायला मागता येते. पण मी आधी बाबांकडे बघितलं, नेहमीसारखं. ते जाळीमागे, मॅच रेकॉर्ड करणाऱ्या मोबाइलच्या स्टँडपाशी उभे होते. त्यांनी बोट खाली करून दाखवलं — आत होता. वळून बघते तर बाईसाहेब बुटाने खूण पुसतायत! हात न मिळवताच बाहेर आले.

आमचे कोच सर आधीच म्हणाले होते, दोघींत जी पुढे जाईल तीच उन्हाळ्यातल्या शिबिराला. म्हणजे ती.

आठ वर्षांच्या होतो तेव्हापासून आम्ही डबल्सला जोडीदार. माझ्या बॅगेत तिचे मोजे असतात. केसाने गळा कापला तिने माझा.

सोमवार, ४ मार्च

खारूताईचे सात फोन. एकही घेतला नाही.

बुधवार, ६ मार्च

सरांनी मुद्दाम आम्हाला एकाच कोर्टावर टाकलं. ती नेटपाशी आली आणि म्हणाली, "वीतभर बाहेर होता गं. तुला खूण दाखवत होते, तू बघितलंसच नाहीस." चोराच्या उलट्या बोंबा! सगळ्यांसमोर तिला खोटारडी म्हटलं. रडली नाही. वाकून बॉल गोळा करत राहिली, एकेक खिशात कोंबत — या साठवणीपायीच तर तिला खारूताई म्हणतात. मला वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचाच राग आला.

शनिवार, ९ मार्च

बाबांनी टेनिस संघटनेकडे तक्रारीचा अर्ज लिहिलाय. आणखी दोघींच्या वडिलांच्या सह्याही आणल्यात, त्यांच्या मुली कधीतरी तिच्याकडून हरल्या होत्या. मी म्हटलं, अर्ज कशाला, व्हिडिओच दाखवा की — हातच्या कांकणाला आरसा कशाला? तर तिसऱ्या सेटला मोबाइल बंद पडला होता म्हणे. नेमका!

अर्जात एक वाक्य आहे, ही मुलगी नेहमीच असं करते. नेहमी नाही करत. खरं तर याआधी कधीच नाही. तसं बाबांना म्हटलं, तर म्हणाले, अशी माणसं एकदा सापडतात, दहादा सुटतात. आई म्हणाली, इतकं ताणू नका. सरांनी फोनवर सांगितलं, सहीआधी एकदा तिच्याशी बोल. मी पेन हातात घेऊन बसले होते. बाबा शेजारी येऊन बसले.

"तुझ्या बापाच्या डोळ्यांवर विश्वास आहे ना?"

आहे. म्हणजे काय, आहेच! सही केली.

गुरुवार, १४ मार्च

तिला तीन महिने बंदी. शिबिराला मी!

बाबांनी मला उचलून गरागरा फिरवलं, मी काय लहान आहे? म्हणाले, रागात तुझा फोरहँड जड पडतो, हा राग जपून ठेव. जपलाय. समोर कोणीही असो, मला तीच दिसते आणि मी तिच्याच अंगावर मारते. या आठवड्यात तीन मॅच जिंकले. सरांकडून मात्र शाबासकी नाही, ओरडणंही नाही.

तिचे मोजे धुऊन आईबरोबर पाठवून दिले. दार तिनेच उघडलं. आईला म्हणाली, "काकू, ती नीट खेळतेय ना?" आईने हे मला का सांगावं? मैत्रीच्या नावाने मी आता कानाला खडा लावलाय.

बॅगेचा तो कप्पा रिकामा आहे. काही ठेववत नाही त्यात.

रविवार, १७ मार्च

शिबिराला सर्व्हिसचा व्हिडिओ पाठवायचा होता म्हणून बाबांचा लॅपटॉप उघडला. तीन तारखेची मॅच त्यात आहे. अख्खी. तिसरा सेटसुद्धा.

बॉल वीतभर बाहेर. खारूताई रॅकेटने खूण दाखवत उभी आहे, माझी वाट बघत. मी तिच्याकडे बघतच नाहीये, सरळ मोबाइलकडे बघतेय, म्हणजे बाबांकडे. मग ती बूट फिरवते.

आणि त्याच्या आधी, बॉल पडल्या पडल्या, मोबाइलच्या अगदी जवळून बाबांचा आवाज येतो. हळू, स्वतःशीच.

"गेला बाहेर."