उलटवलेली कॉलर

बुधवार, १९ ऑक्टोबर

सूनबाईस आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत. दवाखान्यातली नोकरी आटोपून आलीस की आधी जेव, मग हे वाच. पत्र मुद्दाम तुझ्या नावाने लिहिलंय. माझ्या लेकाला आधी दाखवू नकोस. तो अर्ध्यातच फोन लावील, आणि फोनवर खोटं बोलणं मला फार सोपं जातं. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, लावून घे.

पोरीला माझ्याकडे ठेवून तुम्ही दोघं परदेशी जाऊन सहा महिने झाले. भिंगरी मजेत आहे, असं मी दर रविवारी सांगतेच. दोन बोटं वाढली. दूध पिताना तोंड वाकडं करते, थेट तुझ्यासारखं.

आता शाळेचं. तुम्ही दोघांनी तिकडे दोन शाळा काढल्यात आणि मला विचारलंत. त्याची ती मोठी, आत पोहायचा तलाव, बसने पाऊण तास. मी म्हटलं, पोरगी शिकायला जाणार की म्हशीसारखी डुंबायला? तुझी ती घराजवळची, गणवेश नसलेली. मी म्हटलं, रोज लग्नाला निघाल्यासारखी कपाट उपसत बसेल. तो वैतागला, "आई, तुला नक्की हवंय तरी काय?"

"मला काय हवं असणार? मी आपली गणवेश शिवणारी."

तीस वर्षं शिवले. मला शाळा आत जाऊन बघावी लागत नाही, दुरुस्तीला आलेले कपडे सांगतात. खिसा फाटलेला आला तर पोरं खेळतात, उत्तम. गुडघा घासलेला, त्याहून उत्तम. पण कॉलरचं टोक चावून चावून दोरे निघालेले दिसले की मी त्या आईला म्हणायची, "बाई, शिवायचं नंतर बघू, पोराला काय खुपतंय ते आधी विचार." दोघी-तिघी 'भोचक' म्हणून कपडे उचलून गेल्या. जाऊ देत.

तर, दाखल्याचं.

शाळा सोडल्याचा दाखला कारकून देत नाही, आज या उद्या या करतो, असं तीन आठवडे सांगतेय मी. माझ्या लेकाने त्याचा फोनवर उद्धार केला, मीही त्यात दोन शब्द घातले. त्या माणसाची काही चूक नाही. मी बाकावर टेकायच्या आत त्याने शिक्का मारून कागद हातात दिला, वर पाणी विचारलं. दाखला पिठाच्या डब्यात ठेवला होता मी, पिशवीत गुंडाळून. तिकडे जागा तीस तारखेपर्यंतच धरून ठेवणार, हे मला पाठ होतं. तारीख टळली की पोरगी वर्षभर इथेच.

का केलं ते विचारू नकोस. तुम्ही गेलात तेव्हा पहिल्या दिवशी मी सवयीने तिघांचा चहा ठेवला होता, आणि पिणारी मी एकटी. तेव्हापासूनच डोकं ठिकाणावर नाही म्हण.

पण भिंगरीच्या शाळेच्या शर्टाची कॉलर मी पाहिली होती. तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी. इतर आयांना शहाणपण शिकवणारी मी. काय केलं? कॉलर उसवली, उलटवली, चावलेली बाजू आत घालून शिवून टाकली. कुणाच्या बापाला कळलं नसतं. परवा बघते तर दुसरी बाजूही चावलेली. कॉलरला दोनच बाजू असतात, सूनबाई.

"काय गं, उंदीर आहेस का तू?" म्हटलं.

तर म्हणते, "आजी, कारकूनकाका माझ्यावर रागावलेत का?"

मी मशीन चालवत राहिले. सुईत दोरा नव्हता.

वर्गबाईंनी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगितला होता. हिने इथला काढलाच नाही. लेकाने फोन हातात धरून चालत दाखवला होता ना, तुझ्या त्या जवळच्या शाळेचा, तो काढला. पिवळं दार, पावाचं दुकान, बाकावरचा म्हातारा, सगळं. मध्ये बोटभर जागा कोरी. विचारलं, तर म्हणे, "तिथे बाबाचा फोन कट झाला होता. तिथे काय असेल, आजी?"

मला काय ठाऊक?

तेव्हा शाळा जवळचीच घ्या. तलाव राहू दे, बादली आहे घरात. दाखला सोबत पाठवलाय. कुरिअरवाला सात दिवस म्हणाला, म्हणजे तारखेत पोचेल. पीठ लागलं असेल तर झटक. कारकुनाची माफी मागून आले. कशाची ते बिचाऱ्याला कळलंच नाही.

तू दोन कामं कर. तो कोरा तुकडा स्वतः चालून ये आणि रविवारी तिला सांग. आणि शाळा सुटताना दारात उभी राहा. तिथे कॉलरी नसतील, तर पोरांच्या बाहीची टोकं बघ. कोरडी असली तर बिनघोर नाव घाल.

लेकाला काय सांगायचं ते तू ठरव. पोरीला न्यायला तूच ये.

दोन फ्रॉक शिवलेत. खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलंय, वाढेल तशी उसव, मला विचारत बसू नकोस. कॉलरी मात्र अशा शिवल्यात की कुणाला उलटवता येणार नाहीत.

तुझी खोटारडी
सासू