साळूबाईचं रक्त

राजूर,
१४ सप्टेंबर २००३

चि. बेबीनंदा हिस,

दहा मिनिटांनी का होईना, मी मोठी, म्हणून आशीर्वादच. इकडे सगळे बरे आहेत. कपाशीची तिसरी फवारणी झाली. औषध मीच कालवते, ह्यांना वासानं मळमळतं.

तुझं पत्र मिळालं. हैदराबादच्या तपासणीत आपल्या दोघींचं रक्त जुळत नाही, आपण एकसारख्या जुळ्या तर नाहीच, सख्ख्या बहिणीही नाही असं निघालं. आईला विचारू का, असं तू लिहिलंस. विचारू नकोस.

खोटं कशाला बोलू, आठ दिवस मला फार बरं वाटलं. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं, असं ऐकत आपण वाढलो. दहावीला मला तुझ्यापेक्षा सात मार्क जास्त. पण मोठीला आधी उजवायची म्हणून माझं लग्न झालं आणि कॉलेजात तू गेलीस. तेव्हापासून तुझं पत्र आलं की मी आधी चुलीपाशी ठेवते, जीव झाला तर वाचते.

जुलैच्या पत्रात तू सगळं समजावलं होतंस. जनुकं दोघींची तीच, पण विषारी औषध अंगात गेलं की पेशी काही जनुकं बंद करतात, काही जोरात चालवतात. घराला आग लागली की आपण भाकरी टाकून पाणी ओततो, तसं. समजलं मला. तुझं रक्त चांगलं म्हणून ठेवायचं आणि शेजारी माझं, बिघडलेलं म्हणून.

माझं रक्त न्यायला भोकरदनहून संपत कंपाउंडर बर्फाचा डबा घेऊन आला. तो आम्हाला ओळखत नव्हता. मी धाकट्या जावेला, साळूबाईला, दुर्गा म्हणून पुढं बसवलं. ती फवारणीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. तो गेल्यावर ती म्हणाली, "बाई, माझं रगत तुमच्या नावानं कामून दिलं?"

मी म्हटलं, "एकदा तरी माझ्या नावावर चांगलं निघू दे."

हे लपवून ठेवायचंच ठरवलं होतं. तुझा अभ्यास चुकला तर चुको, असंही मनात आलं. पण आईवर संशय नको.

आता तू स्वतः ये आणि माझ्या दंडाला सुई लाव. काय बिघडलं ते मला एकटीला सांग. तेव्हा रडू नकोस, ते मला सहन होणार नाही.

तुझ्याच रक्ताची, तुझ्यावर जळणारी,
दुर्गा