उतरवायचे आकडे

१४ जानेवारी, मंगळवार

नाही म्हणाले नाहीत. "आत्ता नाही" म्हणाले.

रेडिओवर सकाळच्या मयताच्या सूचना वाचून बाहेर पडले आणि ब्रांबिलाबाईंचा फोन आला. ग्वादालाहाराच्या हॉस्पिटलात किडनी देणाऱ्या-घेणाऱ्यांचं सगळं त्याच बघतात. म्हणाल्या, भावाशी, एवारिस्तोशी, रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतं, दोन्ही किडन्या छान आहेत. रक्त मात्र छान नाही.

रिपोर्ट समोर आहे. उपाशीपोटी साखर ११२. तीन महिन्यांची साखर ६.०. एकूण कोलेस्टेरॉल २२९ – त्यातलं वाईट १३४, चांगलं ३८. ट्रायग्लिसराइड २८६. या शेवटच्यापुढे लॅबवाल्यांनी लाल चांदणी काढली आहे. शाळेत चांदणी मिळाली की आई शेजारणींना दाखवायची.

"डायबेटिस नाही," ब्रांबिलाबाई म्हणाल्या, "त्याच्या अलीकडचा टप्पा. अशा माणसाची किडनी आम्ही काढत नाही. आकडे उतरवा, मग बोलू." तीन महिन्यांची साखर साडेपाचच्या आसपास हवी, ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत. तोवर एवारिस्तोने काय करायचं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याच्याकडे गेले. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे डायलिसिसचे. आल्यावर अंगणातल्या खुर्चीत पडून असतो, तोंडात बर्फाचा खडा – ग्लासभर पाणी आता त्याच्या नशिबात नाही. मी आकडे वाचून दाखवले. सगळे ऐकून घेतले, पण सहावर थांबवलं. "परत सांग." सांगितलं. मग त्याने रविवारच्या मॅचचं काढलं.

घाबरला असणार. मीही घाबरले असते.

१८ जानेवारी, शनिवार

ख्रिसमसच्या जेवणानंतर मी "माझी किडनी घे" म्हणाले तेव्हा एवारिस्तो सगळ्यांसमोर रडला होता. सत्तावन्न वर्षांचा, आयुष्यभर लिंबांचे ट्रक हाकलेला माणूस! आधी रक्त तपासायला हवं होतं. मग बोलायचं.

२ फेब्रुवारी, रविवार

कांदेलारियाच्या सणाचे तामाले, मक्याच्या पिठाचे, सोलेदादवहिनीनेच केले. मी एकही खाल्ला नाही. डुकराची चरबी असते त्यात. रक्तात चरबी झाली आहे ना, मग पोटात चरबी जाऊ द्यायची नाही – सरळ आहे! तीन आठवडे झाले, अंडी बंद, चीज बंद, तळलेलं सगळं बंद. सकाळी पपई, केळी आणि मोठा ग्लास संत्र्याचा रस. दुपारी मक्याच्या कोरड्या तोर्तिया, भात. आणि तूबा.

तूबा किडनीला चांगली हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माडाचा ताजा रस, त्यात कोण काय मिसळणार? बागेच्या कोपऱ्यावर तूबावाला लिब्रादो तूबाने भरलेला भोपळा खांद्याला लावून उभा असतो. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "धुऊन काढते बघा, मॅडम, आतून." म्हटलं, दोन धुवायच्या आहेत, त्यातली एक भावाची. त्याने ग्लास काठोकाठ भरला आणि वरून दुप्पट शेंगदाणे घातले. तेव्हापासून रोज दोन ग्लास. न मागता तिसरा कधीकधी.

आज एवारिस्तो माझ्या ग्लासाकडे बघत होता. "मला बंद केलीय ती डॉक्टरांनी."

"तुला डायबेटिस आहे," मी म्हटलं. "मला नाही."

२० फेब्रुवारी, गुरुवार

काट्यावर वजन अर्धा किलो जास्त. काटा जुना आहे.

४ मार्च, मंगळवार

३४१!

ट्रायग्लिसराइड ३४१. वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, चांगलंही उतरलं – ते वर जायला हवं होतं. तीन महिन्यांची साखर ६.१. इतकी उपाशी राहून!

रिपोर्ट घेऊन तशीच डॉक्टर आंग्यानोंकडे गेले. आमच्या आईवरही त्यांनीच उपचार केले होते. काय खातेस विचारलं. मी अभिमानाने सगळं सांगितलं, एकेक बंद केलेली वस्तू. ते ऐकत होते, लिहीत होते. तूबाला आल्यावर लिहायचे थांबले.

"किती?"

"दोन ग्लास. रोज."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अंपारो, अगं, पाकच पीत होतीस की."

मग समजावून सांगितलं. मला समजलं तसं उतरवून ठेवते. ट्रायग्लिसराइड म्हणजे चरबी खरी, पण ती फक्त ताटातल्या चरबीतून येत नाही. गोड, रस, तोर्तिया, भात – गरजेपेक्षा जास्त झालं की लिव्हर त्याचीच चरबी बनवतं आणि रक्तात सोडतं. ज्यांचं शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालेलं असतं त्यांच्यात हे जास्तच. आणि ज्याचं शरीर ऐकत नाही त्याचीच साखर हळूहळू चढते. म्हणजे ती चांदणी आणि तो सहा, दोन वेगळे आजार नाहीत. एकाच घरात राहतात. ट्रायग्लिसराइड गेल्या काही दिवसांचं बोलतं – चार दिवस नीट वागलं तरी खाली येतं. तीन महिन्यांची साखर मात्र फसत नाही, तिला सगळं आठवतं.

"मग फळं खायची नाहीत?"

"फळ चावून खा. पिऊ नकोस."

अंडं खाल्लं तर चालेल म्हणाले. सात आठवडे मी अंड्याला घाबरून होते.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. चर्चमध्ये कपाळाला पश्चात्तापाची राख लावून घेतली. या वर्षी ती मला अगदी शोभली.

तो आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेत होता आणि मी त्याच्या किडनीच्या नावाने साखर पीत होते. त्याचे सात आठवडे वाया घालवले. माझे नाही, त्याचे.

घरी येताना बागेच्या पलीकडच्या बाजूने आले. लिब्रादोने तरी हाक मारलीच, ग्लास वर करून. मी हात हलवला. त्याला काय सांगू? चांगल्या मनाने पाजली त्याने.

एवारिस्तोला नवा आकडा सांगताना वाटलं होतं चिडेल. चिडला नाही. "सहा पॉइंट एक," एवढंच म्हणाला, ट्रायग्लिसराइडबद्दल अवाक्षर नाही. "उद्यापासून मी बघतो तुझ्याकडे."

२२ मार्च, शनिवार

आणि बघतोच आहे! रोज रात्री आठला फोन. काय खाल्लं? तोर्तिया किती? दोन की दोनच्या वर? फिरलीस का? खोटं बोलले की कळतं त्याला – ट्रकवाल्यांच्या थापा ऐकण्यात आयुष्य गेलंय, तू कोण, म्हणतो.

डायलिसिस नसेल त्या दिवशी स्वतः येतो. उजव्या पायाची दोन बोटं नाहीत, काठी टेकत टेकत. कोपऱ्यापर्यंत जातो, तिथल्या कट्ट्यावर बसतो, आणि मी आणखी चार फेऱ्या मारायच्या, त्याच्या नजरेसमोर. मध्येच ओरडतो, "पाय ओढत चालू नकोस, बारके!" बावन्न वर्षांची झाले मी. शेजारचे हसतात.

वहिनी माझ्यासाठी नोपालची, निवडुंगाची, भाजी पाठवते. चिकट लागते. खाते.

११ एप्रिल, शुक्रवार

बेकरीवरून जाऊ नये. चुकून गेले. दालचिनीचा वास घरापर्यंत आला.

२७ एप्रिल, रविवार

चार किलो कमी. जुन्याच काट्यावर. त्याला आता नावं ठेवत नाही.

एवारिस्तोला सांगितलं. आनंद झाला त्याला, तोंडावर दिसला. पण लगेच म्हणाला, "अजून ये खाली." माझ्या मनात आलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहायचं: बकरीला बाजारात न्यायच्या आधी असंच रोज चाचपून बघतात.

असं मनात यायला नको होतं.

१० मे, शनिवार

आईचा दिवस. वहिनीची मुलं केक घेऊन आली होती. सगळे जमले, आईचा फोटो मधे ठेवला. एवारिस्तो डायलिसिसहून आलेला, चेहरा मातीसारखा. मी लहानसा तुकडा घेतला. खरंच लहान. दोन महिन्यांत पहिला.

त्याने हात लांबवून माझी बशी ओढून घेतली. सगळ्यांदेखत.

मी म्हटलं, "मिळेल तुला तुझी किडनी. माझे घास मोजू नकोस."

एक भाची फोनमध्ये बघायला लागली. वहिनीचा चेहरा... ती मला काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, पण एवारिस्तोने तिच्याकडे बघितलं आणि तिने मिटलं. त्याने बशी स्वतःसमोर ठेवली. तोही खाणार नव्हता. तो तुकडा तसाच राहिला.

पर्स उचलून निघून आले.

११ मे, रविवार

झोप नाही. सकाळी रेडिओवर दोन नावं चुकीची वाचली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

माफी मागायला गेले. काय म्हणायचं ते वाटेत जुळवत होते. दार उघडलं तर एवारिस्तो बूट घालून, काठी घेऊन तयार. "उशीर झाला," म्हणाला. "ऊन चढतंय. चल."

जुळवलेलं सगळं तसंच राहिलं. कट्ट्यावर बसून तो मला फेऱ्या घालताना बघत राहिला. मी पाय ओढले नाहीत.

१६ जून, सोमवार

शुक्रवारी रात्री त्याच्या छातीत पाणी साठलं. दोन दिवस ऑक्सिजन. आज जरा बरा आहे, नर्सशी भांडतोय.

काल स्टुडिओत बसले असताना हाताने सवयीने त्याच्या मयताची सूचना जुळवायला सुरुवात केली. अमुक कुटुंब अत्यंत दुःखाने. शब्द किती पटकन जमतात! कागद फाडला. मग तुकडे पर्समध्ये घातले, कचऱ्यातून कोणी उचलून वाचू नयेत म्हणून.

त्या तूबाचे सात आठवडे आज हवे होते.

७ जुलै, सोमवार

उपाशीपोटी साखर ९७. तीन महिन्यांची ५.६. एकूण कोलेस्टेरॉल १९०, वाईट ११८, चांगलं ४४ – चढलं! ट्रायग्लिसराइड १३९. चांदणी नाही. कुठेच नाही.

डॉक्टर आंग्यानोंनी दोनदा वाचलं. वरचं नाव माझंच आहे ना तेही बघितलं. म्हणाले, सोडलंस तर परत चढेल, हे संपत नसतं. कळलं म्हटलं.

आधी एवारिस्तोकडे. त्याने रिपोर्ट डोळ्यांजवळ धरला, चष्मा न घालता. "पाच पॉइंट सहा," म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग वहिनीला हाक मारून तिलाही वाचायला लावलं. तिने वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला. आनंदाने रडत असेल, वाटलं.

ब्रांबिलाबाईंना फोन लावला, त्या उचलत नाहीत. निरोप ठेवला: मी तयार आहे, तारीख द्या.

८ जुलै, मंगळवार

ब्रांबिलाबाईंचा फोन. अभिनंदन केलं. मग म्हणाल्या:

जिवंत माणसाकडून किडनी घ्यायची एवारिस्तोची फाइल बंद आहे. त्याने स्वतःच सही करून बंद केली. कुणा मृताची मिळाली तर घेईन, म्हणाला, त्या यादीत त्याचं नाव आहे. कधी केली सही? जानेवारीत. माझा पहिला रिपोर्ट आला त्याच आठवड्यात.

"तुम्हाला ते स्वतः सांगणार होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सांगितलं असेल."

९ जुलै, बुधवार

गेले. एवारिस्तो बूट घालून दारातच बसला होता. का, एवढंच विचारलं.

"बेचाळिसाव्या वर्षी माझाही सहाच होता, बारके," तो म्हणाला. "पण तेव्हा माझ्याकडे कोणी काही मागितलं नाही, म्हणून मी तो उतरवला नाही."