काकांचा चेहरा, लाकडात

४ फेब्रुवारी
रजा टाकून मावशीकडे आले. डॉक्टरांनी काकांच्या बाबतीत हात टेकलेत – आता फक्त त्रास कमी करायचा. घरात एक नर्स भाची असलेली बरी, म्हणून मी.
आणि मावशी काय करत होती? नवऱ्याच्या उशाशी बसून कोळशाने त्यांचं चित्र काढत होती! त्यांना धाप लागलेली, हिची बोटं भराभर चाललेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मावशी, अगं निदान आत्ता तरी!"
तिने मान वर केली नाही. काकाच म्हणाले, "काढू दे गं. नाहीतर माझ्या औषधांत लुडबुड करेल."

६ फेब्रुवारी
काकांच्या पोटात चमचाभर सूप. झोप नाही. ती काढतेच आहे.

९ फेब्रुवारी
मागच्या खोलीत, मावशी काम करते तिथे, पहिल्यांदाच गेले. दोरीवर चित्रांचे ओले ठसे, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. लाकडी फळीवर चेहरा आरशातल्यासारखा उलटा कोरलेला. मावशीने त्यावर शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला. कागद उचलला – आणि मी मागेच सरले!
काकाच. पण गाल म्हणजे खड्डा, तोंड म्हणजे विहीर. दिसतात तसे नव्हेत. धाप लागल्यावर आतून होत असतील, तसे.
रोज त्यांची नाडी बघते मी. मला हे दिसलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी
आता शाई मी लावते. हात चालू असले की मावशी बोलते.
धाकटं मूल गेल्यावर आजीला वेड लागलं होतं. दिवसभर किंचाळायची. लाजेने घराच्या खिडक्या बंद! (आईने मला कधी ताकास तूर लागू दिली नाही.) मावशी तेव्हा लहान; तिने ती किंकाळी काजळीने दाराच्या मागच्या बाजूवर काढली. आजोबा सुतार. त्यांनी मारायला हात उगारला, मग थांबले. पटाशी आणली आणि तिच्या रेघांवरून कोरत गेले – पुसली जाऊ नये म्हणून.
पुढे शाळेत चित्रकलेच्या बाईंनी परदेशी लाकूडठशांचं एक पुस्तक दाखवलं. नुसतं काळं-पांढरं. वेडेवाकडे चेहरे. मावशी म्हणते, "म्हटलं, अरे! हे लोक माझ्या आईला ओळखतात!"
माझा रूळ हवेतच राहिला.

१७ फेब्रुवारी
काकांनी ठसा मागितला. बराच वेळ बघत राहिले.
"हां," म्हणाले. "अस्संच दुखतं."
मग मावशीला, "कान मात्र मोठे केलेस."
"आहेतच मोठे. ऐकू कधी आलं नाही, ते सोड."
दोघं हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. तिने शाईच्या हातांनीच त्यांना सावरलं. पांढऱ्या सदऱ्यावर तिची बोटं उमटली. काका सदरा बदलू देईनात!

२२ फेब्रुवारी
सकाळी काका गेले.
मावशी त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिली. कोळसा खाली पडलेला. तो मी उचलला – कसा, देव जाणे. कागदावर तिचा खांदा आला, वाकलेली मान आली. तिने पाहिलं. वाटलं, आता ओरडेल.
तिने चेहरा हळूच उजेडाकडे वळवला, मला नीट दिसेल असा.