मागची भिंत

परभणी, ९ ऑगस्ट १९८७

तीर्थरूप किशनमामांना सटवाजीचा दंडवत (गुडघा सुजलाय, म्हणून तूर्त कागदावरच). मामींची कंबर कशी आहे? तांबडी गाय व्याली का? गाडीत कुणी छेड काढली म्हणून तुम्ही पंचफुलाला कॉलेजातून काढून घरी बसवलं, त्यावर मी लहान तोंडी काही बोलणार नाही.

इकडं आमच्या कबड्डीच्या सरांनी नवंच खूळ काढलंय. कुणी पोरीच्या अंगचटीला आलं तर बघत उभं राहायचं नाही, मध्ये पडायचं, पण हात उगारायचा नाही. याची रोज अर्धा तास तालीम. पहिल्या दिवशी पोरगी म्हणून मुंजाजीला (वजन ऐंशी किलो, मिशा वेगळ्या) डोक्यावर टॉवेल देऊन बाकावर बसवलं. सर स्वतः गुंड होऊन पुढं आले. आता चढाईवाला अंगावर आला की मागं सरायचं, ही आमची अंगवळणी पडलेली सवय. आम्ही सहाच्या सहा गडी सरत सरत मागच्या भिंतीला टेकलो. बाकावर मुंजाजी एकटा. सगळे हसलो, सर हसले नाहीत. म्हणाले, "गावोगाव हेच व्हायलंय." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परवा ताडकळसच्या गाडीत इस्त्रीच्या कपड्यातला एक जण शाळेतल्या पोरीवर रेलत होता. मी उठलो आणि शिकवल्याप्रमाणं मोठ्यानं विचारलं, "भाऊ, किती वाजले?" तो म्हणाला, "घड्याळ बंद हाय." यापुढचं सरांनी शिकवलंच नव्हतं, म्हणून पुन्हा तेच विचारलं. असं चारदा. सगळी गाडी वळून बघायला लागली. तेवढ्यात बाजारातली कडूबाई (तुम्ही जिच्याकडून मेथी घेता ती) पाटीसकट दोघांच्या मध्ये घुसली. "सरक तिकडं. कोण्या गावचा रे तू? बाप काय करतो?" बापाचं नाव सांगायच्या आत तो फाट्यावर उतरला. पाटी आदळली तोच हा गुडघा. कंडक्टरनं शेवटी मला वेळ सांगितली, साडेदहा.

घरात सगळ्यांना नमस्कार.

तुमचा भाचा,
सटवाजी

ता. क. : पंचफुलाला सोमवारपासून पाठवा. यात तिचा काय गुन्हा? तिच्यावाचून मुलींचा खोखोचा संघ आठांवर आलाय. (मामी गालात हसतील. तसं काही नाही.)

आणखी एक : तिची छेड काढली त्या दिवशी गाडीत ओळखीचं कुणी नव्हतं, असं तिनं तुम्हाला सांगितलं. ती माझ्यावर पांघरूण घालतेय. मी मागच्या सीटवर होतो, मामा. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. कुणाचं कॉलेज बंद करायचंच असेल, तर माझं करा.