दहापैकी सात

७ ऑगस्ट
परत बंद पडली! नवी कोरी गाडी, तीन महिने झाले नाहीत, आणि पीथमपूरच्या फाट्यावर इंजिन गप्प. मागे कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्यांचे हॉर्न. दहा मिनिटांनी आपोआप सुरू – जणू काही झालंच नाही! धारला पोचले तोवर, थोरली बहीण असून, अक्का ताट झाकून बसली होती. म्हणाली, "तू गुरुवारी येतेस म्हणून गं. बाकी दिवस मी भिंतीशी बोलते."

८ ऑगस्ट
इथल्या, देवासच्या सर्व्हिस सेंटरात तिसरी खेप. मॅनेजर मनन – गोड पोरगा, केसांना जेल. गाडी चौकापर्यंत फिरवून आणली आणि कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. "मॅडम, गाड़ी तो मक्खन है. आप क्लच पे पैर रखके चलाते होंगे." वर हसला! लायसन्स मी अठ्ठावन्नाव्या वर्षी काढलंय, पहिल्या फटक्यात.

संध्याकाळी आमच्या चिरंजीवांचा, धीरजचा, पुण्याहून फोन. "आई, वॉरंटी गाडीची असते, तुझी नाही." गणपतीला येतोय, तेव्हा गाडी विकून टाकणार. हे मागून – "बरोबर बोलतोय तो." घरभेदी! मग अक्काकडे कशी जाऊ? दोन बसा बदलायला माझे गुडघे तयार नाहीत.

११ ऑगस्ट
कंपनीतून एका मुलीचा फोन. सर्व्हिसला दहापैकी किती गुण? शून्य जिभेवर होतं. पण मननने खुर्ची दिली होती, पाणी विचारलं होतं. सात दिले. कॉन्व्हेंटात निबंधाला सात मिळाले की आई शिरा करायची. सिस्टर आग्नेसने तर खुद्द देवालाही आठच दिले असते!

१२ ऑगस्ट
सकाळी नऊला मनन दारात. हातात पेढे, चेहरा नापास झालेल्या मुलाचा. "मॅडम, ये क्या कर दिया! सात मतलब फेल! ऊपर से सुबह से फोन आ रहे हैं!" नवाच्या खाली सगळेच नापास म्हणे. मी खरंच चकित. मग – देवा, क्षमा कर – आतून गुदगुल्या झाल्या.

"फिर कॉल आएगा. बस, दस बोल दीजिए ना."

"बोलूंगी. पहले गुरुवार को धार चलो. गाड़ी तुम चलाना, मैं पैर ऊपर लेके बैठूंगी."

पेढे ठेवून घेतले.

१४ ऑगस्ट
हेही मागे बसले – 'पुरावा बघायला'. मनन शिट्टी वाजवत चालवतोय. इंदूर गेलं, काही नाही. बेटमा गेलं, काही नाही. आजच शहाणी झाली की काय ही! मागून ह्यांचं खाकरणं. आणि तेवढ्यात – गप्प! ऐन फाट्यावर! मी बसल्या जागी टाळी वाजवली. ट्रकवाला ओरडला, "भिया, चलाते नी आती तो घर बैठो!" मनन कानापर्यंत लाल. मी गोड आवाजात विचारलं, "क्लच पे पैर था क्या, बेटा?"

अक्काने त्याला दोनदा श्रीखंड वाढलं.

१९ ऑगस्ट
पेट्रोलचा पंप! तापला की बंद पडायचा. चौकापर्यंत जाऊन तापणार कसा? वॉरंटीत नवा बसवला. कागदावर मननच्या हाताने – दोष आढळला. फोटो धीरजला पाठवला. उत्तरात अंगठा. नुसता अंगठा! तासाभराने, "ठीक आहे, राहू दे गाडी."

कंपनीचा फोन आला. साडेनऊ म्हणणार होते. जीभ चावून दहा दिले.

२१ ऑगस्ट
हे म्हणाले, मीही येतो अक्काकडे. घरापुढच्या चढावरच गाडी बंद पडली. पंप नवा. इंजिन गार. म्हणजे क्लच. म्हणजे माझा पाय! पहिल्या महिन्यातही इथे दोनदा झालं होतं, कुणाला बोलले नव्हते. मागचा रिक्षावाला ओरडायला लागला. ह्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं – "कंपनी का फॉल्ट है, भिया!" मग काच वर करून, समोर बघत, अगदी हळू – "क्लच सावकाश सोड. धीरजला मी नाही सांगत."