लाल सँडोवरचं पांढरं

५ ऑगस्ट, मंगळ.
लेझीमवाले आले. त्यांचा म्होरक्या संतोषअण्णा. माल त्यांनी स्वतःच इथल्या नवी पेठेतून उचलून आणलेला. पोरांना लालभडक सँडो, कार्यकर्त्यांना क्रीम शर्ट. आम्ही फक्त छापायचं. अप्पांनी सँडो चिमटीत धरून चोळला. "प्युअर कॉटन हाय." झालं! आमच्या छपाईच्या शेडमध्ये वडिलांच्या चिमटीपुढे कुणाचं चालत नाही.
मी कापडाचा एक धागा उसवून काडी लावली. राख झाली, पण राखेत कडक मणी. म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. अप्पा म्हणे, "काड्या वडू नगंस, शेड पेटवशील."
पुण्याच्या कारखान्यातून सरांचा फोन. सँपलिंगची, म्हणजे नमुने छापायची, जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय, पण १८ पर्यंत हो-नाही कळवा म्हणाले. अप्पांचा खांदा निखळला म्हणून महिनाभरासाठी आले होते मी. महिनाभरासाठी!

७ ऑगस्ट, गुरु.
अप्पांनी एक सँडो छापला. नेहमीची शाई, नेहमीसारखी कडक भट्टी. पांढरी अक्षरं झकास उठली. "काय झालं गं तुज्या पॉलिस्टरला?"

८ ऑगस्ट, शुक्र.
सकाळी अक्षरं गुलाबी. भट्टीच्या उष्णतेनं पॉलिस्टरचा लाल सुटला आणि पांढऱ्यात चढला. अप्पा: "शाईच बोगस हाय." आधी बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू. मग लक्षात आलं. आता हे निस्तरणार कोण, तर मीच.

१० ऑगस्ट, रवि.
संतोषअण्णांना शर्टाच्या पाठीवर रंगीत बाप्पा हवाय. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं रंग कापडात उतरवणं, नको म्हटलं. तो रंग पॉलिस्टरच धरतं, शर्टातलं कॉटन कोरडंच राहतं, बाप्पा पहिल्या दिवसापासूनच विटका. त्यापेक्षा डीटीएफ, फिल्मवर छापून गरम दाबानं चिकटवायचं. तेही खिशावर, छोटं. पाठभर केलं तर पाठीला प्लास्टिकची पिशवी बांधल्यागत होईल.
सँडोला मात्र फिल्म नको. लेझीम म्हणजे वाकणं, उड्या, घाम. ताणलं की तडकणार. तिथे स्क्रीनच, जाळीच्या चौकटीतून शाई. खाली राखाडी थर, तो लाल अडवतो. वर कमी उष्णतेत सुकणारं पांढरं.
अण्णा खूश. "ताई, तू हाईस म्हनून आमी बिनघोर हाय बग."
सगळे हेच म्हणतात. एक काम धड केलं की पुढची चार माझ्याच नावावर. जेवढं बरोबर करतेय तेवढी इथेच रुतत चाललेय.

१३ ऑगस्ट, बुध.
अप्पांना शिकवतेय. ते शिकले की मी मोकळी. पण डोक्यात शिरतच नाही त्यांच्या. "राखाडी आदी का पांढरं आदी?" परत तेच. आणि हाच माणूस चार रंगांच्या चौकटी नुसत्या नजरेनं जुळवतो. मी चिडले, ओरडले. आई कानडीत म्हणाली, "सुम्न कुंद्र! गप बस. वय झालं त्यांचं." रडू आलं. शेडमागे जाऊन रडले.

१४ ऑगस्ट, गुरु.
उद्या आईबरोबर करमाळ्याला, मावशीच्या नातवाचं बारसं. अप्पा येत नाहीत. "खांदा ठणकतोय." बरंय. दोन दिवस शाईचा वास नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
परत आलो. मशीनमागच्या दोरीवर एक लाल सँडो. मी छापलेला नाही. अक्षरं पांढरीशुभ्र. दोन्ही हातांनी ताणून पाहिला, एक रेघ तडकली नाही. कडा तर माझ्यापेक्षा साफ.
"अप्पा, हे कुणी केलं?"
वर न बघता, "तूच की. इसरलीस व्हय?"
त्यांच्या नखांत राखाडी शाई होती.
"मला कुटं जमतंय ते," म्हणाले, आणि चहा पाहिजे का विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणायचं होतं.

१८ ऑगस्ट, सोम.
झोप नाही. राग आहे त्यांचा. त्याहून जास्त कीव येते, आणि कीव आली की माझे पाय बांधले जातात हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. किंवा नसेलही. त्यांना छापता येतं. मी जाऊ नये असं वाटतं, आणि ते तोंडानं म्हणता येत नाही. निदान एकदा म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.
मघाशी विचारत होते, "राखाडी आदी न्हवं?"
"हो अप्पा. राखाडी आधी."
सकाळी सरांचा फोन आलेला, उचलला नाही. आता परत वाजतोय. अप्पा मशीनपाशी आहेत, माझ्याकडे पाठ. त्यांचा हात थांबलाय.